सोमल पचवणारे जिवाणू आणि प्रा. आघारकरांची विज्ञानवर्धिनी

जूनमध्ये दमदार पाऊस झाला की हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा नागनाथ, चाड्यावर मूठ धरण्याआधी एक काम ठरलेले असते. बियाणे ताडपत्रीवर पसरायचे, दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम या हिशेबाने रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू संवर्धके हलक्या हाताने चोळायची, सावलीत वाळवायचे आणि मग पेरायचे. रायझोबियम मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देतो. पीएसबी जमिनीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतो. डोळ्यांना न दिसणारे जीव मातीतल्या रसायनांची उलटापालट करतात, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बियाण्याच्या वाणांची नावेही त्याला तोंडपाठ असतात. जेएस म्हणजे जबलपूरचे, एमएयूएस म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. त्यांच्याच जोडीला एमएसीएस 1188, एमएसीएस 1281 ही नावे कानावर पडतात. ही चार अक्षरे कुठून आली, याची चौकशी मात्र फारसे कुणी करत नाही. ती आली पुण्याहून. 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स', म्हणजेच महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, या संस्थेच्या नावातली ती आद्याक्षरे आहेत. ही संस्था ज्यांनी उभी केली ते शंकर पुरुषोत्तम आघारकर. आज संस्थेची प्रयोगशाळा आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या समोरच्या रस्त्याला मात्र गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे. त्यामुळे पुण्यात येणारा नवखा माणूस समाजसुधारक आगरकर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकर यांची हमखास गल्लत करतो.

सोयाबीनच्या वाणांइतके प्रसिद्ध नसलेले आणखी एक काम या संस्थेत झाले. पाण्यातल्या आर्सेनिकचे रूप बदलणारा एक जिवाणू तिथल्या संशोधकांनी वेगळा काढला आणि दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी त्याला कामाला लावले. आघारकर तेव्हा हयात नव्हते. पण त्यांच्या आयुष्यातली पंचवीसहून अधिक वर्षे ज्या प्रांतात गेली, त्याच प्रांतातल्या लाखो लोकांच्या घशाशी हा प्रश्न येऊन ठेपला होता.

मालवणचा मुलगा, सह्याद्रीतले जेलीफिश

आघारकरांचा जन्म 1884 चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि पुढे तिथेच ते जीवशास्त्र शिकवू लागले. पुस्तकापेक्षा रानात रमणारा हा माणूस होता. सुट्टी मिळाली की पश्चिम घाटात जायचे, ओढे-नद्या धुंडाळायच्या, वनस्पती आणि लहानसहान प्राणी गोळा करायचे आणि नीट नोंदी करून ठेवायचे, असा त्यांचा क्रम होता.

1911-12 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या घाटभागात त्यांना गोड्या पाण्यातले जेलीफिश आढळले. जेलीफिश म्हटले की समुद्र आठवतो. गोड्या पाण्यात राहणाऱ्या या जातीचे नातेवाईक तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी तिचे वर्णन केले आणि तिला भारताच्या नावावरून 'इंडिका' असे नाव दिले. 'नेचर' या विज्ञानपत्रिकेपर्यंत बातमी पोचली. तिशीही न ओलांडलेल्या मराठी अध्यापकाचे नाव विज्ञानजगात झाले.

त्या शोधामागचे कुतूहल आघारकरांना आयुष्यभर पुरले. एखादा जीव एखाद्या ठिकाणीच का सापडतो? तो तिथे कसा पोचला? आणि दुसऱ्या जिवांना जिथे टिकता येत नाही तिथे तो कसा टिकतो?

कलकत्ता, बर्लिन आणि अडकून पडलेली वर्षे

कलकत्ता विद्यापीठात तेव्हा नवे वारे वाहत होते. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी विज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय उभारण्याचा ध्यास घेतला होता. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन नामवंत वकिलांनी आपली कमाई त्यासाठी दिली. या देणग्यांतून प्राध्यापकपदे निर्माण झाली आणि ती भारतीयांनाच मिळावीत असे ठरले. पुढे पालित प्राध्यापक म्हणून चंद्रशेखर व्यंकट रामन तिथे आले. घोष यांच्या देणगीतल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदावर 1914 मध्ये आघारकरांची निवड झाली.

पद मिळाल्यावर परदेशात जाऊन पुढचे शिक्षण घ्यायचे होते. आघारकर जर्मनीला गेले आणि पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन म्हणून ते शत्रूच्या मुलखात अडकले आणि त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली. त्यांच्यासारखेच कलकत्त्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक देवेंद्रमोहन बोसही जर्मनीत अडकून पडले होते. तरीही आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिनमध्ये ॲडॉल्फ एंग्लर या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1919 मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता वायव्य भारतातल्या रुक्ष आणि खारपट जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतींचा. त्या तिथे कुठून आल्या, त्यांचा प्रसार कसा झाला, याचा शोध त्यांनी घेतला. मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनीवरही एखादे झुडूप तग धरून उभे असते. अशा जिवांची कहाणी त्यांनी परक्या देशात बसून लिहिली.

1920 मध्ये ते कलकत्त्याला परतले आणि 1946 पर्यंत तिथेच राहिले. वनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनी घडवला. भारतीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या स्थापनेत आणि भारतीय विज्ञान काँग्रेसच्या कारभारात त्यांचा मोठा वाटा होता. कोकणातला हा माणूस जवळजवळ बंगालीच होऊन गेला.

सोमलाची दोन रूपे

आघारकर जर्मनीत अडकले होते, त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत एक लहानसा शोध लागला होता. तिथे गुरांच्या गोचिडांवर उपाय म्हणून सोमल घातलेल्या पाण्याच्या हौदातून गुरे पोहत नेत. सोमल हे आर्सेनिकचे संयुग, जुन्या काळापासूनचे कुप्रसिद्ध विष. अशा हौदातल्या पाण्याचा जोर काही काळाने ओसरतो, हे लक्षात आले होते. एच. एच. ग्रीन या संशोधकाने 1918 मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. हौदात एक जिवाणू होता. तो सोमलाचे जहाल रूप बदलून सौम्य रूप करत होता. आणि त्याच हौदात दुसरा एक जिवाणू नेमके उलटे काम करत होता.

ही दोन रूपे समजली की पुढचे सगळे समजते. पाण्यात आर्सेनिक मुख्यतः आर्सेनाइट आणि आर्सेनेट या दोन अवस्थांत असते. आर्सेनाइट अधिक विषारी. शिवाय साध्या पाण्यात त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते कशाला फारसे चिकटत नाही आणि गाळणीतून सहज निसटते. आर्सेनेटवर ऋणभार असतो. लोखंडाच्या गंजासारख्या पदार्थाला ते घट्ट चिकटते आणि म्हणून अडवता येते.

आर्सेनेटही निरुपद्रवी नाही. त्याची घडण फॉस्फेटसारखी, म्हणजे पिकाला लागणाऱ्या स्फुरदासारखी असते. पेशीचे दार स्फुरदासाठी उघडते आणि हा तोतया आत शिरतो. तोतयाला ओळखून बाहेर काढण्याची सोय अनेक जिवाणूंकडे आहे. ते आर्सेनेटचे आर्सेनाइट करतात आणि पेशीच्या पटलातल्या पंपातून ते बाहेर फेकतात. दुसऱ्या काही जिवाणूंचा मार्ग वेगळा आहे. ते आर्सेनाइटचे ऑक्सिडीकरण करून आर्सेनेट बनवतात. त्यांच्यापैकी काही तर या क्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. जिथे हवा नाही अशा चिखलात राहणारे आणखी काही जिवाणू आपण प्राणवायू वापरतो तसे आर्सेनेट श्वसनासाठी वापरतात आणि त्याचे पुन्हा आर्सेनाइट करतात.

विष पचवणे म्हणजे ते नाहीसे करणे नव्हे. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते नष्ट करू शकत नाही. तो फक्त त्याचे रूप आणि जागा बदलतो. बदल कोणत्या दिशेने होतो यावर माणसाचे भले-बुरे ठरते.

बंगालच्या नळांतले विष

बंगालमध्ये हा बदल उलट्या दिशेने झाला. तळी आणि उघड्या विहिरींच्या पाण्याने हगवण, पटकी होते म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव हातपंप आणि कूपनलिका बसल्या. पाणी स्वच्छ दिसत होते, जंतुविरहित होते. 1983 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळेपांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांवर कडक गाठी असलेले खेड्यातले रुग्ण येऊ लागले. ती आर्सेनिकची विषबाधा होती आणि ती कूपनलिकांच्या पाण्यातून झालेली होती. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले तर त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

हे विष कुठल्या कारखान्याने सोडलेले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचे पातळ अस्तर असते आणि आर्सेनिक त्या अस्तराला चिकटून हजारो वर्षे पडून होते. खोल, हवा नसलेल्या थरांत लोहावर श्वसन करणारे जिवाणू ते अस्तर विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. पश्चिम बंगालच्या गाळावर केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट 2004 मध्ये 'नेचर'मधून पुढे आली. म्हणजे मूळ उपद्रवातही जिवाणूंचाच हात होता.

महाराष्ट्राला हा प्रश्न फार दूरचा नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या राजनांदगाव जिल्ह्यात अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा या गावाच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे गंगेचा गाळ नाही. ते खडकातून आलेले होते.

पगाराविना उभी केलेली संस्था

आघारकर या सगळ्याच्या कितीतरी आधी बंगाल सोडून आले होते. 1946 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा साठी उलटलेली होती. विसाव्याचे वय असताना त्यांनी पुण्यात येऊन महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये लोकवर्गणीतून स्थापन केलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था त्यांनी जवळून पाहिली होती. रामन यांचे नोबेल मिळवून देणारे काम तिथेच झाले होते. पुण्यातल्या संस्थेच्या नावात तिचा पडसाद स्पष्ट ऐकू येतो.

पण पुण्यात रासबिहारी घोष नव्हते. विधी महाविद्यालयाच्या परिसरात तुटपुंज्या साधनांवर काम सुरू झाले. आघारकर संस्थापक संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्यांनी हे काम मानद म्हणून, वेतन न घेता केले. महाराष्ट्रातल्या वनस्पतींचे वाळवून जतन केलेले नमुने, धान्याचे वाण, बुरशी, जिवाणू यांच्या अभ्यासाला तिथे हळूहळू जागा मिळत गेली. त्यात लगेच पैसा किंवा प्रसिद्धी मिळण्यासारखे काही नव्हते. गोळा करा, ओळखा, नाव लिहा, जपून ठेवा, एवढाच कारभार. सह्याद्रीच्या ओढ्यात जेलीफिश पकडताना त्यांची जी शिस्त होती, तीच आता इमारतीत आली होती. 1960 मध्ये आघारकरांचे निधन झाले. 1992 मध्ये संस्थेच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

सांडपाण्यातला मदतनीस

याच संस्थेत मोकाशी आणि पाकणीकर या संशोधकांनी आर्सेनाइटचे आर्सेनेट करणारा जिवाणू शोधायला घेतला. तो शोधायला त्यांना बंगालला जावे लागले नाही. शहराच्या सांडपाण्यातून त्यांनी तो मिळवला. पद्धत जुनी आणि धीराची. सांडपाण्यात असंख्य प्रकारचे जिवाणू असतात. ते आर्सेनाइट घातलेल्या द्रवात वाढवायचे. बहुतेक मरतात, मोजके टिकतात. टिकलेल्यांना पुन्हा त्याच दिव्यातून काढायचे. अखेर ज्याला विषाची सवय आहे तोच उरतो. अशा प्रयोगशाळांत ओळखीसाठी सिल्व्हर नायट्रेटची सोपी चाचणी वापरतात. आर्सेनाइट असेल तर पिवळा साका येतो. आर्सेनेट झाले असेल तर तो तपकिरी होतो. रंग पालटला की जिवाणूने काम केले.

त्यांच्या हाती लागलेल्या जिवाणूचे नाव मायक्रोबॅक्टेरियम लॅक्टिकम. 2002 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. जिवाणू पाण्यात मोकळे सोडून चालत नाहीत, ते वाहून जातात. त्यांना बसायला जागा लागते. त्यासाठी संशोधकांनी विटांचे तुकडे निवडले. विटेच्या बारीक छिद्रांत जिवाणू घर करतात आणि वरून सोडलेले पाणी हळूहळू झिरपताना त्यातल्या आर्सेनाइटचे आर्सेनेट होते. पुढच्या टप्प्यात ते आर्सेनेट कोळशासारख्या शोषकाने धरून ठेवायचे. पहिल्या टप्प्याशिवाय दुसरा टप्पा अर्धवट राहतो, कारण आर्सेनाइट शोषकाला नीट चिकटतच नाही.

हेच काम क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट या रसायनांनीही होते. पण रसायन सतत विकत घ्यावे लागते, त्याचे प्रमाण सांभाळावे लागते. जिवाणू स्वतःच वाढतात आणि साध्या तापमानाला काम करतात. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेतही जिवाणूंच्या मदतीने आर्सेनिक काढण्यावर काम झाले आहे.

जिथे उपाय थांबतो

प्रयोगशाळेतली काचेची नळी आणि गावातली टाकी यांत बरेच अंतर असते. जिवंत गाळणीची निगा राखावी लागते. पाणी बंद पडले, विटा कोरड्या पडल्या तर जिवाणू मरतात. तयार झालेले पाणी पिण्याआधी निर्जंतुक करावे लागते. सगळ्यात अवघड प्रश्न उरतो तो आर्सेनिक धरून बसलेल्या शोषकाचा. तो वापरून झाल्यावर गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकला, तर चिखलातले दुसरे जिवाणू आर्सेनेटचे पुन्हा आर्सेनाइट करतात आणि विष परत पाण्याच्या वाटेला लागते. ग्रीनच्या हौदात दोन्ही जिवाणू एकत्र नांदत होते, ते इथेही विसरता येत नाही. म्हणून शोषकाची विल्हेवाट पाणी लागणार नाही अशा बंदिस्त जागी करावी लागते आणि तो खर्च योजनेत आधीच धरावा लागतो.

घरातल्या माणसासाठी याहून साध्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसते, त्यामुळे पाणी नितळ आहे म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. आणि उकळल्याने आर्सेनिक जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि भारतीय मानकही हाच आकडा धरते. इतके सूक्ष्म प्रमाण फक्त तपासणीतच कळते. हिंगोलीची जमीन बंगालसारख्या गाळाची नाही, काळ्या पाषाणाची आहे. तरी नवा बोअर घेतला की त्याचे पाणी पिण्याआधी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकदा द्यावे. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांचाही हिशेब त्याच वेळी कळतो.

आपल्या भाषेत एखादी गोष्ट पार पुसून टाकली की तिला हरताळ फासला म्हणतात. हरताळ हे आर्सेनिकचेच पिवळे खनिज आणि पोथीतली चुकलेली अक्षरे झाकायला ते लावत असत. ज्याने अक्षरे पुसली जात त्याच मूलद्रव्याचा माग काढण्याचे काम पुण्यातल्या प्रयोगशाळेत झाले. ज्या बंगालने आघारकरांना प्राध्यापकपद दिले आणि युद्धातून परतल्यावर सामावून घेतले, त्याच बंगालला भेडसावणाऱ्या प्रश्नावर त्यांच्या संस्थेने एक उत्तर शोधले. संस्था काढताना त्यांच्यापुढे आर्सेनिक नव्हते आणि सोयाबीनही नव्हते. जीव नीट ओळखणारी आणि जपणारी माणसे एका छताखाली असावीत, एवढेच त्यांना हवे होते. पुढच्या जूनमध्ये कळमनुरीत कुणी बियाण्याच्या पिशवीवर एमएसीएस ही अक्षरे वाचली, तर त्यांच्यामागे हा मालवणचा माणूस आहे.